कुठला व्हिसा लागेल?

(दहावी १९९८ तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२३ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, गॅदरिंगच्या आठवणी सांगायच्या असतील. पण उत्तर मिळालं, "आठवणी सगळेच सांगणार आहेत. तू व्हिसावर बोल. ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच." ते खरं आहे. गेल्या महिन्याचाच ग्रुप उघडून बघा. एकीची मुलगी एम.एस.ला निघाली आहे, एकाचे आईवडील पहिल्यांदा नातवाला भेटायला जाणार आहेत, एकाला कंपनी जर्मनीला पाठवते आहे, आणि मागच्या बाकावरची आपली चौकडी थायलंडला जायचं म्हणते आहे. प्रश्न प्रत्येकाचा तोच : कुठला व्हिसा लागेल?

मी वकील नाही, एजंट नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. इथल्याच कमिन्स कॉलेजमधून २००४ साली बाहेर पडले, हिंजवडीत नोकरी धरली, सहा वर्षं अमेरिकेत राहिले आणि २०१४ मध्ये परत कर्वेनगरात आले. या काळात चार वेगवेगळे व्हिसे पासपोर्टवर चिकटले आणि प्रत्येकाने काहीतरी शिकवलं. एकाने शिकवलेलं फार महागात पडलं. ते शेवटी सांगते.

आपण ज्या भागात वाढलो तिथून सुरुवात करू. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना किती गोष्टींशी झगडावं लागलं ते आपण शाळेत शिकलो. पण त्या यादीत व्हिसा नव्हता, कारण तेव्हा तो मागितलाच जात नव्हता. परदेशात जायला पासपोर्ट आणि त्यावर व्हिसा हवाच, ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात सगळीकडे रुळली. १९१७ च्या कायद्याने तर अमेरिकेने भारतासकट आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना स्थलांतराचं दारच बंद केलं. ते किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला जेमतेम १०० भारतीयांसाठी. खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. ज्यांच्या नावाने आपलं कर्वेनगर ओळखलं जातं ते अण्णासाहेब कर्वे १९२९-३० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, युरोप, अमेरिका आणि जपानचा दौरा करून आले. ते गेले ते भेटी द्यायला, संस्थेबद्दल बोलायला आणि निधी गोळा करायला. तिथे राहायला नव्हे. व्हिसाच्या प्रकारांचं मूळ याच फरकात आहे. तुम्ही कशासाठी येताय, एवढंच प्रत्येक देश विचारतो आणि उत्तराप्रमाणे वेगळा कागद देतो.

म्हणून नावं आणि आकडे पाठ करू नका. प्रकार पाचच आहेत असं समजा : पाहुणा, विद्यार्थी, नोकरदार, कुटुंबीय आणि वाटसरू. देशोदेशी नावं वेगळी, पण खाने हेच. आता प्रत्येक खान्याला तीन प्रश्न विचारायचे. कशासाठी? किती दिवस? आणि या व्हिसावर काय करायचं नाही? चौथाही एक आहे, तो नंतर.

पहिला खाना पाहुण्याचा. पर्यटन, नातेवाइकांची भेट, कामानिमित्त बैठका. अमेरिकेत त्याला बी-१ आणि बी-२ म्हणतात. बी-१ कामकाजाच्या भेटीसाठी, बी-२ फिरायला किंवा नातेवाइकांकडे. बहुतेकांना दोन्ही एकत्रच मिळतात. २००६ साली कंपनीने मला दोन आठवड्यांच्या बैठकांसाठी याच व्हिसावर पाठवलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? मी सरळ सांगितलं, कामासाठी! इंग्रजीत. झालं. मला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं आणि दोन तास प्रश्न विचारले. चूक त्यांची नव्हती. मराठीत आपल्याला सगळंच काम असतं. बँकेत काम असतं, मंडईत काम असतं, एखाद्याच्या घरी नुसत्या गप्पा मारायला गेलो तरी 'जरा काम होतं' म्हणतो. पण व्हिसाच्या भाषेत काम म्हणजे तिथे राबणं, जे तिथल्या माणसाने पगार घेऊन केलं असतं. बी-१ वर बैठकीला बसता येतं, करारावर बोलता येतं, परिषदेला जाता येतं. खुर्चीवर बसून त्यांचा कोड लिहिता येत नाही. मी बैठकांना आले आहे, एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं.

याच खान्यात आपले आईवडील येतात. भारतीयांना अमेरिकेचा हा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. त्यावरून गैरसमज होतो की दहा वर्षं राहता येईल. नाही. व्हिसा म्हणजे दारापाशी जाऊन कडी वाजवायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते दारातला अधिकारी ठरवतो, साधारणपणे सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. ती आता ऑनलाइन असते. आईवडील पोचले की त्याच आठवड्यात ती उघडून तारीख बघा आणि फ्रिजवर लावा. पासपोर्टवरचा स्टिकर २०३३ पर्यंतचा असला तरी ती तारीख उलटली की मुक्काम बेकायदा. कॅनडामध्ये आईवडील आणि आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा असा वेगळा प्रकार आहे. त्यावर आता एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पण आरोग्यविमा आणि मुलांचं पुरेसं उत्पन्न दाखवावं लागतं.

मुलाखतीला आईबाबा घाबरतात आणि नकार मिळाला की अपमान झाला असं त्यांना वाटतं. त्यामागचं कारण समजून घ्या. पाहुणा म्हणून किंवा विद्यार्थी म्हणून येणारा प्रत्येक जण खरं तर कायमचा राहायलाच येतोय, असं अमेरिकेचा कायदा गृहीत धरतो. तसं नाही, हे अर्जदाराने पटवायचं असतं. म्हणून अधिकारी विचारतो, घर कोणाचं, दुसरी मुलं कुठे, पेन्शन किती. तो संपत्ती मोजत नसतो, परत यायचं कारण शोधत असतो. आईला पढवून पाठवू नका. लेकीचं बाळंतपण आहे, चार महिन्यांनी परत येणार, इथे घर आहे आणि हे एकटे आहेत, असं तिने तिच्या शब्दांत सांगावं. अमेरिकेच्या मुलाखतीला मराठीत बोलायची सोयही असते.

युरोपला जाणाऱ्यांसाठी एवढंच. शेंगेन व्हिसा एकदा घेतला की बरेच देश फिरता येतात. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, अशी मोजणी असते. अर्ज जिथे सगळ्यांत जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा. स्वित्झर्लंड त्यात आहे, लंडन नाही. आणि थायलंडवाल्यांनो, तुमची चंगळ आहे. १० नोव्हेंबर २०२३ पासून सहा महिने भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाच नको, असं थायलंडने ठरवलं. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियानेही तसंच केलं.

वाटसरूचा खाना लहान आहे, पण लोक नेमके त्यातच अडकतात. विमान फक्त बदलायचंय, बाहेर पाऊलही टाकायचं नाही, तरी भारतीय पासपोर्टवर काही देशांच्या विमानतळांवर ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा चालू व्हिसा हाती असेल तर त्यातून सूट मिळू शकते. स्वस्त तिकीट काढण्याआधी विमान कुठे बदलतंय ते बघा. नाहीतर मुंबईच्या काउंटरवरूनच परत यावं लागतं.

दुसरा खाना विद्यार्थ्याचा. इथे आधी विद्यापीठ, मग व्हिसा. अमेरिकेत विद्यापीठाकडून आय-२० आला की एफ-१ साठी अर्ज करायचा. शिकताना आठवड्याला वीस तास, तेही विद्यापीठाच्या आवारात काम करता येतं. बाहेरच्या हॉटेलात गुपचूप भांडी घासली आणि सापडला, तर शिक्षणही जातं. पदवीनंतर एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी दोन वर्षं, नोकरीचा अनुभव घेता येतो. जर्मनीत बहुतेक ठिकाणी फी नाममात्र, पण पहिल्या वर्षाच्या खर्चाचे पैसे, २०२३ मध्ये ११,२०८ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरावे लागतात आणि ते महिन्याला ठरावीक हप्त्यानेच मिळतात. कर्ज काढताना हे धरा. इंग्लंडमध्ये शिकून झाल्यावर काही काळ राहून नोकरी शोधता येते. पण १ जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या एक वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्यांना नवरा, बायको किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. नियम असे भराभर बदलतात. माझं हे भाषण स्मरणिकेत छापून तुमच्या हाती येईपर्यंत यातलं काही शिळं झालेलं असेल. म्हणून त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

तिसरा नोकरदाराचा. कंपनी आपल्याच तिकडच्या शाखेत बदली करते तेव्हा एल-१, आणि तिकडच्या मालकाने तज्ज्ञ म्हणून बोलावलं तर एच-१बी. एच-१बी वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. २०२३ मध्ये साडेसात लाखांहून जास्त नोंदण्या झाल्या, म्हणजे नंबर लागणं ही सोडत होती. मुलाचा नंबर लागला नाही तर तो कमी पडला असं समजू नका. आधी तीन वर्षं, मग आणखी तीन. पुढे ग्रीन कार्डची रांग. तिथे एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्केच येतात, म्हणून भारतीयांची रांग दशकांत मोजतात.

या खान्यात आपल्या शाळेचाही वाटा आहे. आखाती देशांसकट अठरा देशांत नोकरीसाठी जायचं असेल आणि माणूस दहावी पास नसेल, तर त्याच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' असा शेरा असतो. १९८३ च्या कायद्यानुसार त्याला निघण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागते. मालक कोण, पगार किती, करार काय, हे तपासलं जातं. दहावीचं प्रमाणपत्र असलेल्याला ही पायरी लागत नाही. सर, तुम्ही आम्हाला "निदान दहावी तरी काढा" म्हणून ओरडायचात, त्यामागे एवढं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं! गंमत सोडा. ही परवानगी म्हणजे त्या माणसाचं संरक्षण आहे. काही एजंट ती टाळायला सांगतात, व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे बदलून देतो. तिथे गेल्यावर पाहुण्याच्या व्हिसावर राबणारा माणूस कोणाकडे तक्रार करणार? कागदावर तो कामगार नसतोच. आपल्या सोसायटीतले ड्रायव्हर, प्लंबर, सुतार असं काही विचारायला आले तर एवढं त्यांना नक्की सांगा.

चौथा खाना कुटुंबीयांचा. मी २००८ च्या ऑक्टोबरमध्ये एच-१बी वर गेले आणि माझा नवरा माझ्यामागून एच-४ वर आला. फॉर्मवर त्याच्यापुढे शब्द होता 'डिपेंडंट'. पिंपरीच्या कारखान्यात चाळीस माणसं सांभाळणारा माणूस तिथे स्वतःच्या नावावर पगार घेऊ शकत नव्हता. पहिले तीन महिने मजा वाटली, त्याने उत्तम पुरणपोळी शिकली. मग तो गप्प होत गेला. आपल्याकडच्या किती शिकलेल्या मुलींनी हे वर्षानुवर्षं निमूट सोसलंय, हे मला तेव्हा कळलं. २०१५ पासून काही एच-४ धारकांना काम करता येतं, पण सगळ्यांना नाही. जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापुढे गेलेलं असावं लागतं. लग्न ठरवताना पत्रिका बघतो, पगार बघतो. मुलीला किंवा मुलाला तिथे गेल्यावर काम करता येणारा व्हिसा मिळणार का, हेही विचारा. विचारण्यात काही वाईट नाही.

आता चौथा प्रश्न.

२०११ सालचा जुलै. माझी पहिली तीन वर्षं सप्टेंबरअखेर संपत होती, आणि कंपनीने जूनमध्येच मुदतवाढीचा अर्ज केला होता. तो चालू असतानाच दादाचा फोन आला, बाबांना न्यूमोनिया झालाय, दवाखान्यात ठेवलंय. मी निघायचं ठरवलं. दुपारी कॅन्टीनमध्ये एकाने मला थांबवलं. म्हणाला, अर्ज चालू असताना देश सोडलास तर अर्ज बाद होतो, परत येता येणार नाही. त्याने स्वतःसाठी खात्री करून घेतली होती, तो खोटं बोलत नव्हता. मी घाबरले. नवरा माझ्या व्हिसावर, घराचा करार माझ्या नावावर. बाबांशी बोलले. त्यांना धाप लागत होती, तरी म्हणाले, "कागद पक्के झाले की ये. मी कुठे पळून जातोय?"

आठ दिवस मी अर्जाची स्थिती दिवसातून दहादा बघत बसले. नवव्या दिवशी न राहवून कंपनीच्या वकिलाला ईमेल केलं. संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर आलं. तुमचा आत्ताचा व्हिसा ३० सप्टेंबरपर्यंत चालू आहे, त्यावर जाऊन येता येईल. जुनं मंजुरीपत्र सोबत ठेवा.

कॅन्टीनमधला मित्र विद्यार्थी व्हिसावरून एच-१बी वर बदलत होता. एका प्रकारातून दुसऱ्यात जायचा अर्ज चालू असताना देश सोडला, तर तो बदल खरंच बाद होतो. माझा अर्ज बदलाचा नव्हता, मुदतवाढीचा होता. त्याचं उत्तर बरोबर होतं, पण ते त्याच्या प्रश्नाचं होतं. मी चार वर्षं इंजिनीअरिंग केलेली बाई. ऑफिसात कोणाच्या सांगण्यावरून एक ओळ बदलत नाही, आधी तपासते. आणि एवढी मोठी गोष्ट मी एकीव माहितीवर सोडून दिली.

दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. त्या रात्रीच दादाचा फोन आला. मी पोचले तेव्हा वैकुंठातलं सगळं उरकलं होतं. राजाराम पुलावरून रिक्षा घराकडे वळली, पाऊस होता, आणि दारात चपलांची रांग होती.

ऑगस्टमध्ये त्याच व्हिसावर परत गेले. अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला, शिक्का मारला. अर्धा मिनिट लागला.

बाबांची एक बँकेची जुनी डायरी आईने मला दिली. त्यात पेन्शनच्या हिशेबाखाली त्यांनी माझ्या व्हिसाची तारीख लिहून ठेवली होती, ३० सप्टेंबर २०११, आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. फोनवर मीच कधीतरी सांगितलेली असणार. तारीख आम्हा दोघांनाही माहीत होती. तिचा अर्थ काय, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

म्हणून चौथा प्रश्न हा : मध्येच घरी यावं लागलं, तर मला जाऊन परत येता येईल का? कुठल्याही देशाच्या कुठल्याही व्हिसावर मूल निघालं की पहिल्याच महिन्यात त्याला हा प्रश्न विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला किंवा कंपनीच्या वकिलाला विचारायला लावा. उत्तर लेखी घ्या, आणि दर अर्जाबरोबर पुन्हा विचारायला सांगा, कारण अर्ज बदलला की उत्तर बदलतं. मित्राला विचारू नका, ग्रुपवर विचारू नका. मलाही नका विचारू. मी फक्त कोणाला विचारायचं ते सांगेन.

शेवटी एक गंमत. आज या सभागृहात काही जण असे बसले आहेत ज्यांना आपल्या शाळेत यायला व्हिसासारखाच कागद लागला. त्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, आणि आपला कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही, म्हणून निळा भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे. नावात 'सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नाही, तो भारतात यायचा आयुष्यभराचा व्हिसा आहे. त्यावर राहता येतं, नोकरी करता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तर मित्रांनो, तुम्हीही आता पाहुण्यांच्या खान्यात आहात. फक्त तुमच्या मुक्कामाला मुदत नाही. जेवण दीड वाजता आहे, आणि नंतर वर्गात आपापल्या जुन्या बाकावर बसायचंय.